चौदाव्या वर्षाची वेस

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवासारख्या मंगल प्रसंगी वक्त्याने संस्थेचा गौरव करावा, दिवंगत संस्थापकांना वंदन करावे आणि श्रोत्यांना भोजनास फार उशीर होऊ देऊ नये, असा आपल्याकडे संकेत आहे. यांतील पहिली दोन कर्तव्ये माझ्या आधीच्या वक्त्यांनी माझ्याहून चांगल्या रीतीने पार पाडली आहेत. तिसरे सांभाळण्याचा मी प्रयत्न करीन.

शिक्षणावर बोलावे असे मला सुचविण्यात आले, तेव्हा प्रथम मी संकोचलो. मी शिक्षणशास्त्राचा पंडित नव्हे. बी. ए. होऊन केंद्र सरकारच्या एका कचेरीत लागलो आणि नोकरीची बहुतेक वर्षे आस्थापना शाखेत माणसांच्या जन्मतारखा, शाळेचे दाखले आणि सेवापुस्तिका तपासण्यात घालविली. परंतु विचार करता असे वाटले की, या कामाने मला एक प्रश्न मात्र जवळून दाखविला आहे. प्रत्येक सेवापुस्तिकेच्या पहिल्या पानावर माणसाची जन्मतारीख असते आणि तिच्याखाली त्याचे शिक्षण. माणसाने शाळा कोणत्या वयात सोडली, यावर पुढची सारी पाने अवलंबून असतात. मुलाला शाळेत किती वर्षांपर्यंत ठेवणे समाजाचे कर्तव्य आहे आणि त्याने कधी बाहेर पडले तर चालेल, हा तो प्रश्न होय. आज त्याचाच विचार आपल्यासमोर मांडणार आहे.

हा प्रश्न आपल्याला परका नाही. हिंदुस्थानात सक्तीच्या शिक्षणाचा इतिहास लिहावयाचा म्हटले, तर त्यातील कितीतरी पाने महाराष्ट्रात आणि मराठी माणसांच्या हातून लिहिली गेली आहेत. १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात महात्मा जोतीराव फुले यांनी निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे अशी मागणी केली. सरकार उच्च शिक्षणावर पैसा खर्च करते, तो ज्यांच्या करातून येतो त्या शेतकऱ्याची मुले मात्र निरक्षर राहतात, हे त्यांचे मूळ दुःख होते.

पुढे बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी १८९३ साली अमरेली भागात सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ साली तो सबंध संस्थानास लागू केला. त्या कायद्यात मुलांसाठी सात ते बारा आणि मुलींसाठी सात ते दहा अशी वयोमर्यादा होती. मुलींची वेस मुलांच्या दोन वर्षे अलीकडे आखलेली होती, एवढे कृपया ध्यानात ठेवावे. त्याकडे मी पुन्हा येणार आहे.

बडोद्याचे उदाहरण डोळ्यांसमोर ठेवून नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनी मार्च १९११ मध्ये केंद्रीय कायदेमंडळात आपले विधेयक मांडले. ते विधेयक किती नेमस्त होते, हे आज वाचताना मन थक्क होते. सक्ती केवळ सहा ते दहा वर्षांच्या मुलांवर. तीही जेथे पुरेशी मुले आधीच शाळेत जात असतील आणि जेथील नगरपालिकेला किंवा जिल्हा बोर्डाला ती हवी असेल तेथेच. मुलींना ती नंतर लागू करावयाची. आणि ज्या पालकाची मासिक प्राप्ती दहा रुपयांपेक्षा कमी असेल त्याच्याकडून फी घ्यावयाची नाही. एवढी सौम्य मागणीदेखील मान्य झाली नाही. काळ परिपक्व नाही, तिजोरीत पैसा नाही, शेतीला मजूर मिळणार नाहीत, असे आक्षेप निघाले आणि १९ मार्च १९१२ रोजी विधेयक १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळले गेले. त्यानंतर तीनच वर्षांनी गोखले निवर्तले.

परंतु ते १३ जण हरले असे म्हणवत नाही. १९१७ साली कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले आणि मुलाला शाळेत न पाठविणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंड ठरविला. १९१८ साली विठ्ठलभाई पटेल यांच्या प्रयत्नाने मुंबई इलाख्यात कायदा झाला. आणि १९२० साली आपल्या सेंट्रल प्रॉव्हिन्सेसमध्येही प्राथमिक शिक्षणाचा कायदा आला. मात्र या प्रांतिक कायद्यांनी सक्ती करण्याची मुभा स्थानिक संस्थांना दिली होती. त्यांच्यावर सक्ती केली नव्हती. मुभा असलेले कर्तव्य किती वेगाने पार पडते, हे सरकारी नोकरीत असलेल्या माणसाला सांगावयास नको.

मग बारा आणि दहाच्या जागी चौदा हा आकडा कोठून आला? त्याचा एक धागा आपल्या जुन्या प्रांतातूनच जातो. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्धा येथे महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली शिक्षणपरिषद भरली. वर्धा आणि जबलपूर तेव्हा एकाच प्रांतात होते. सात वर्षांचे मोफत व सक्तीचे शिक्षण असावे असे त्या परिषदेने ठरविले, आणि डॉ. झाकिर हुसेन समितीने सात ते चौदा वर्षांचा आराखडा तयार केला. १९४४ च्या सार्जंट अहवालाने सहा ते चौदा ही मर्यादा सुचविली. मात्र हे साध्य करण्यास चाळीस वर्षे लागतील असा त्याचा हिशेब होता. बाळ गंगाधर खेर यांच्या समितीने ती मुदत सोळा वर्षांवर आणली. आणि १९५० साली अमलात आलेल्या राज्यघटनेच्या ४५ व्या अनुच्छेदाने ती दहा वर्षांवर आणली.

घटना समितीत या अनुच्छेदावर नोव्हेंबर १९४८ मध्ये चर्चा झाली, तेव्हा ‘शिक्षण’ या शब्दाऐवजी ‘प्राथमिक शिक्षण’ असे म्हणावे अशी सूचना एका सभासदाने केली होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ती स्वीकारली नाही. त्यांचा युक्तिवाद असा होता की, चौदा वर्षांखालील बालकास कारखान्यात कामाला लावण्याची मनाई घटनेतच केलेली आहे. ज्याला कामावर पाठवावयाचे नाही, त्याला त्या वयापर्यंत शाळेत ठेवलेच पाहिजे. येथे चौदा या आकड्यामागील तत्त्व स्पष्ट होते. शाळेचा दरवाजा बंद होतो त्याच दिवशी कामाचा दरवाजा उघडावा. मधल्या रस्त्यावर मूल उभे राहू नये.

दहा वर्षांची मुदत १९६० साली संपली. काम अपुरे राहिले. १९९३ साली सर्वोच्च न्यायालयाने उन्नीकृष्णन प्रकरणात चौदा वर्षांपर्यंतचे शिक्षण हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने तो हक्क घटनेत शब्दबद्ध झाला, २००९ साली कायदा झाला, आणि १ एप्रिल २०१० पासून तो अमलात आला. चाळीस वर्षे फार म्हणून सोळा केली, सोळाही फार म्हणून दहा केली. प्रत्यक्षात घटना अमलात आल्यापासून साठ वर्षे लागली. गोखल्यांना सांगितले गेलेले ‘काळ परिपक्व नाही’ हे वाक्य निरनिराळ्या तोंडांनी शंभर वर्षे उच्चारले गेले, असाच याचा अर्थ.

या कायद्याने पुष्कळ चांगले केले आहे, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. त्याने ‘सक्ती’ या शब्दाचा अर्थच पालटला. शाहू महाराजांच्या काळी सक्ती पालकावर होती आणि दंडही त्यालाच होता. २००९ च्या कायद्यात सक्तीचा भार प्रामुख्याने शासनावर आहे. मुलास शाळेत घालणे हे पालकाचे कर्तव्य सांगितले आहे, परंतु त्यासाठी दंड नाही. शाळा उपलब्ध करणे, प्रवेश देणे, उपस्थिती पाहणे आणि शिक्षण पूर्ण करून घेणे ही शासनाची जबाबदारी आहे. आपल्या क्षेत्रात राहणाऱ्या चौदा वर्षांपर्यंतच्या प्रत्येक मुलाची नोंद ठेवण्याचे कर्तव्य स्थानिक संस्थेवर आहे. उशिरा शाळेत आलेल्या मुलाला चौदा वर्षांनंतरही आठवीपर्यंतचे शिक्षण मोफत पुरे करता येते.

आणि येथेच, सभ्य स्त्रीपुरुषहो, मला थांबून विचारावेसे वाटते: आठवी झाली, पंधरावे लागले, मग पुढे काय?

पंधराव्या वर्षी त्या मुलाचे नाव या कायद्याच्या नोंदवहीतून गळते. तो शाळेत येत नाही म्हणून चौकशी करावी असे कर्तव्य हा कायदा कोणावर टाकीत नाही. दुसऱ्या बाजूने पाहावे, तर २०१६ साली बालमजुरीच्या कायद्यात झालेल्या दुरुस्तीने चौदा ते अठरा वर्षांच्या मुलांना धोक्याच्या कामांवर ठेवण्यास मनाई केली. ते योग्यच झाले. मताधिकार अठराव्या वर्षी. करार करण्याची पात्रता अठराव्या वर्षी. मुलीचा विवाह अठराव्या वर्षापूर्वी कायद्याने होत नाही. म्हणजे पंधरा ते अठरा या वयाला कायद्याच्या दृष्टीने ते अजून बालकच आहे. मात्र शाळेच्या सक्तीपुरते ते प्रौढ झालेले असते. बाबासाहेबांनी ज्या दोन दरवाज्यांची सांगड घातली होती, ते पुन्हा एकमेकांपासून दूर सरकले आहेत, आणि मधल्या रस्त्यावर मूल उभे आहे.

माझ्या स्वतःच्या शाखेतील उदाहरण देतो. पूर्वी आठवी पास झालेला माणूस आमच्या खात्यात चपराशी म्हणून लागू शकत असे. सहाव्या वेतन आयोगाने २००८ साली चतुर्थ श्रेणी मोडीत काढली आणि कनिष्ठातल्या कनिष्ठ पदासाठी दहावी किंवा आय. टी. आय. ही किमान पात्रता ठरली. कामाचे स्वरूप पालटले होते, तेव्हा निर्णयात गैर काही नव्हते. पण या दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहा. एकाच शासनाचा एक कायदा मुलाला सांगतो की, आठवीपर्यंतची तुझी जबाबदारी माझी. आणि त्याच शासनाच्या कचेरीच्या दारावरचा नियम सांगतो की, दहावीशिवाय आत येऊ नकोस.

काही वर्षांपूर्वी आमच्या येथील एक कर्मचारी सेवेत असताना वारला. त्याची पत्नी मुलाला घेऊन अनुकंपा नियुक्तीसाठी आली. मुलगा पंचविशीचा, धडधाकट, वागण्यात नम्र, शिक्षण आठवी. अशा उमेदवाराला मुदत देऊन प्रशिक्षणार्थी म्हणून घेण्याची सवलत नियमात होती, तीप्रमाणे त्याला घेतले. दिवसभर तो फायली पोहोचवी आणि दुपारच्या सुटीत दहावीचे गणित उघडून बसे. त्याच्याहून दहा वर्षांनी लहान असलेल्या मुलांबरोबर मुक्त शाळेच्या परीक्षेला बसला. एकदा नापास झाला, दुसऱ्यांदा सुटला. पेढे घेऊन आला तेव्हा मी त्याला विचारले, “तेव्हाच का नाही रे शिकलास?” तो म्हणाला, “साहब, तब तो किसी ने पूछा ही नहीं.” त्याने शाळा बुडविली, तेव्हा मास्तर आले नाहीत, वडील कामात होते, आणि तो स्वतः चौदा वर्षांचा होता.

आता काही आक्षेपांचा विचार करू. पहिला असा की, ज्या मुलाचे मन शाळेत नाही त्याला अठरापर्यंत बाकावर बांधून काय साधणार? आक्षेपात तथ्य आहे. पण इंग्लंडने काय केले ते पाहा. तेथे १८८० साली सक्ती आली तेव्हा मुलाला दहाव्या वर्षी शाळा सोडता येत असे. १८९३ साली ही मर्यादा अकरा झाली, १८९९ साली बारा, १९१८ च्या कायद्याने चौदा, १९४७ साली पंधरा आणि १९७२ साली सोळा. त्यानंतर २००८ च्या कायद्याने ठरविले, आणि २०१५ पासून लागू झाले, की सोळा ते अठरा या वयात मुलाने शाळेतच बसले पाहिजे असे नाही. तो कोठेतरी उमेदवारी करीत असेल, किंवा काम करता करता अर्धवेळ शिक्षण घेत असेल, तरी चालेल. मात्र काहीच शिकत नाही असे चालणार नाही. बाकाची सक्ती आणि शिकण्याची सक्ती या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

आपल्या जबलपुरास हे नवे वाटू नये. गन कॅरेज फॅक्टरी, खमरिया, व्हेईकल फॅक्टरी या कारखान्यांच्या भोवती हे शहर वाढले. हत्यार हातात धरून शिकलेल्या उमेदवारांच्या पिढ्या येथे झाल्या, आणि या सभागृहातही त्यांची मुले-नातवंडे बसलेली आहेत. १९६१ च्या उमेदवारी कायद्याने तर किमान वय चौदाच ठरविले. आय. टी. आय. मधील काही व्यवसायांना आठवी पास मुलाला प्रवेश मिळतो. आपल्या मध्य प्रदेशात राज्य मुक्त शाळा मंडळ आहे. दहावी-बारावीत अडलेल्यांसाठी त्याने २०१६ पासून ‘रुक जाना नहीं’ ही योजना चालविली. वाटा आहेत. चौदा वर्षांच्या मुलाला त्या कोणी दाखवीत नाही, एवढेच काय ते उणे आहे.

दुसरा आक्षेप गरिबीचा. कमावता हात शाळेत अडकवून ठेवला, तर घर कसे चालेल? गोखल्यांनी दहा रुपयांची मर्यादा घातली, तेव्हा त्यांनी हे ओळखले होते की, सक्तीच्या मागे साह्य नसेल तर ती गरिबाला शिक्षाच ठरते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते अठरा वर्षे हा सलग पट्टा मानला आहे आणि बारावीपर्यंत सर्व मुले शाळेत असावीत असे उद्दिष्ट ठेविले आहे. परंतु धोरण म्हणजे कायदा नव्हे, हे मी आयुष्यभर टिपण्या लिहून शिकलो आहे. माझे मत विचाराल तर हक्काची मर्यादा अठरापर्यंत नेली पाहिजे, आणि तिच्याबरोबर वह्यापुस्तके, प्रवासखर्च, शिष्यवृत्ती हेही गेले पाहिजे.

बंधुभगिनींनो, आतापर्यंत मी कायद्याविषयी बोललो. आता थोडे घरचे बोलण्याची परवानगी द्यावी.

आम्ही रांझीकडे राहत असू. वडील कारखान्यात होते. आम्ही तीन भावंडे. ताई थोरली, माझ्याहून सात वर्षांनी मोठी. ती आठवी पास झाली त्या उन्हाळ्यात आई अंथरुणाला खिळली. जुलैमध्ये शाळा उघडल्या. आदल्या रात्री ताईने आम्हां दोघा भावांच्या पुस्तकांना खाकी कव्हरे घातली, चिठ्ठ्यांवर सुरेख अक्षरांत आमची नावे लिहिली. त्या ढिगात तिचे एकही पुस्तक नव्हते, हे माझ्या लक्षात आले ते कितीतरी वर्षांनी. ताईला शाळेतून कोणी काढले नाही. वडील तर शिक्षणाचे भोक्ते होते. पण ‘तू उद्या शाळेत जाणार ना?’ असे तिला कोणी विचारलेही नाही. आई दोन वर्षांनी बरी झाली. तोवर ताईच्या वर्गातल्या मुली मॅट्रिकच्या उंबरठ्यावर पोहोचल्या होत्या. मी बी. ए. झालो तो तिने रांधलेल्या भातावर.

बडोद्याच्या कायद्यातील त्या दोन वर्षांची आठवण ठेवा असे मी म्हटले होते. मुलींची वेस अलीकडे आखण्याची ती रीत कायद्यातून केव्हाच गेली. आजचा कायदा मुलगा-मुलगी असा भेद करीत नाही. आमच्या घरातून मात्र ती गेलेली नव्हती.

दोन वर्षांपूर्वी ताईचा बँकेचा एक अर्ज मी भरत होतो. शिक्षणाच्या रकान्यात मी ‘आठवी’ असे लिहिले. ती शेजारी बसून पाहत होती. हळूच म्हणाली, “आठवी पास, असं लिही रे.” मी ‘पास’ हा शब्द लिहिला. त्या एका शब्दाचे मोल मला माझ्या पदवीच्या प्रमाणपत्रापेक्षा अधिक वाटले, आणि लाजही वाटली.

म्हणून मंडळाच्या या सुवर्णमहोत्सवात माझी एक विनंती आहे. आपण फुले, गोखले, शाहू, आंबेडकर यांच्या तसबिरींना हार घालतो. परंतु आपल्यापैकी अनेकांच्या घरी धुणीभांडी करणाऱ्या बाईंबरोबर चौदा-पंधरा वर्षांची मुलगी येते. ती कोणत्या वर्गात आहे, हे आपल्यातील कितीजणांना ठाऊक आहे? मला परवापर्यंत ठाऊक नव्हते. विचारले तेव्हा कळले की, तिने आठवीनंतर गेल्या जुलैपासून शाळा सोडली आहे. वर्ष उलटून गेले होते आणि ती रोज माझ्यासमोरून केर काढून जात होती.

आपल्या मंडळाच्या इमारतीतील वरची खोली गणेशोत्सवाचे दहा दिवस आणि अशा समारंभांचे दिवस सोडले, तर कुलुपातच असते. ती संध्याकाळी दोन तास उघडावी. चौदा ते अठरा वर्षांची मुले-मुली, मराठी असोत वा नसोत, तेथे बसून दहावी-बारावीचा अभ्यास करतील. आपल्यातील निवृत्त शिक्षक, अभियंते, लेखापाल यांनी आठवड्यातून एकेक संध्याकाळ द्यावी. मुक्त शाळेचा अर्ज भरावयाचा, आय. टी. आय. ची जाहिरात वाचून दाखवावयाची, परीक्षेची फी कमी पडली तर भरावयाची, एवढेच काम. यासाठी नवा कायदा लागत नाही आणि अनुदानही लागत नाही. माझ्या निवृत्तीला फार दिवस राहिलेले नाहीत. पण त्याची वाट न पाहता सोमवारची संध्याकाळ मी आजच माझ्या नावावर लिहून देतो.

आणि दुसरे, त्याहून सोपे. जुलै महिन्यात आपल्या ओळखीच्या प्रत्येक चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला आणि मुलीला एक प्रश्न विचारावा: ‘यंदा कोणत्या वर्गात?’ उत्तर देताना मूल अडखळले, तर तेथून पुढे आपले काम सुरू झाले असे समजावे.

गोखल्यांच्या बाजूने १३ मते पडली होती. या सभागृहात आज त्याच्या कितीतरी पट माणसे बसलेली आहेत.